तेवीस दिले, बारा राखले

"हितं?"

"नाही."

"हितं?"

"थोडंसं."

"आणि हितं?"

तिसऱ्या 'हितं'ला माझ्या हातातला कटिंगचा ग्लास निम्मा सांडला. येऊरच्या पायथ्याशी, एका टपरीच्या बाकावर मी उजवा पाय लांब करून बसले होते आणि काका माझ्या नडगीच्या आतल्या कडेने, घोट्यापासून वर, बोटबोटभर अंतर सोडत अंगठा दाबत येत होते. घोट्याच्या वर चार बोटांवर, पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत जी कळ उठली ती थेट दाढेपर्यंत गेली. काकांनी अंगठा उचलला, माझा मोजा वर ओढून दिला आणि म्हणाले, "ह्या जानेवारीचं विसरा, ताई. हाड बोलतंय."

२०२३च्या ऑक्टोबरमधला तो दुसरा रविवार. बावीस किलोमीटरचा लाँग रन ठरला होता, त्यातले चौदा झाले होते. उपवन तलावाकडे उतरताना मी अशी काही लंगडत होते की गटातल्या एका मुलाने मागून माझा व्हिडिओ काढला. माझा 'फॉर्म' सुधारावा म्हणून, असं त्याने नंतर सांगितलं.

काका म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार. मूळचे माण तालुक्यातले, सैन्यात गेल्यावर सगळं प्रशिक्षण बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला. आमच्या गटाचे ते रीतसर कोच नाहीत. पैसे घेत नाहीत, तक्ते देत नाहीत; रविवारी पहाटे साडेचारला नाक्यावर उभे असतात, एवढंच. आणि मी सेहेचाळीस वर्षांची, बँकेत नोकरी, नावावर चार हाफ मॅरेथॉन, पहिल्या पूर्ण मॅरेथॉनचं शुल्क भरून झालेलं. ऑफिसात सगळ्यांना सांगून झालेलं. सासूबाईंनी त्यांच्या भजनी मंडळात सांगून झालेलं. ४२.१९५ किलोमीटरचं ओझं एक वेळ पेलतं, हे 'सांगून झालेलं' पेलत नाही.

मंगळवारी मी पुन्हा धावले. सकाळी उपाशीपोटी एक वेदनाशामक गोळी घेऊन.

*

माझं काय चुकलं ते आता मला तारीखवार सांगता येतं. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि हल्ली ती जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. वीस आठवड्यांची तयारी धरली तर ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करावी लागते. आता या वीस आठवड्यांत आपल्याकडे काय काय येतं ते पाहा. गौरी-गणपती. डेंग्यू आणि चिकुनगुन्या. नवरात्राचे नऊ उपवास. ऑक्टोबरची ती भाजून काढणारी दुपार, जिची धग पहाटे पाचलाही डांबरातून जात नाही. मुलांची सहामाही. दिवाळी, म्हणजे फराळ, पाहुणे आणि फटाक्यांचा धूर, ज्यात चार दिवस तरी बाहेर धावणं म्हणजे विड्या ओढणं. मग तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं. सरावाचा तक्ता ज्याने कुठे तरी बसून आखला त्याच्या देशात या काळात फार तर झाडांची पानं गळत असतील.

माझा पहिला आठवडा ३४ किलोमीटरचा झाला, दुसरा ३८चा. तिसऱ्याच्या चौकटीत ४२ लिहिले होते आणि त्या आठवड्यात मी कोकणात माजघरात बसून मोदक वळत होते. शून्य किलोमीटर. चौथ्या आठवड्यात ४४ धावायचे होते. मी ५८ धावले. बुडालेलं भरून काढलं.

ही सवय मला शाळेने लावली. चार दिवस गैरहजर राहिलं की मैत्रिणीच्या वह्या आणायच्या, रात्री बसून उतरवून काढायच्या आणि सोमवारी बाईंना पूर्ण वही दाखवायची. बँकेत मार्चअखेरीला आम्ही अजून तेच करतो. वही तशी भरून निघते, लेजर भरून निघतं. पाय त्या वहीसारखा नाही हे मला ठाऊक होतं असं मी आता म्हणेन, पण तेव्हा ते ठाऊक असल्याची एकही खूण माझ्या वागण्यात नव्हती.

दसऱ्यानंतर शेवटी ज्या अस्थिरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले त्यांनी कागदावर हाडाचं चित्र काढून जे समजावलं ते प्रत्येक धावणाऱ्याने एकदा ऐकावं असं आहे. धावायला लागलं की हृदय आणि फुप्फुसं झटपट सुधारतात. पाच-सहा आठवड्यांतच चढावर दम लागेनासा होतो. स्नायूही मागोमाग येतात. स्नायुबंध आणि हाडं मात्र महिन्यांच्या हिशेबाने चालतात. शिवाय हाड मजबूत होण्याची रीत उफराटी आहे. जादा भार पडला की शरीर आधी तिथलं जुनं हाड काढून टाकतं आणि मग नवीन भरतं. घराची डागडुजी करताना आधी गिलावा पाडावा लागतो, तसं. पाडण्याचं काम लवकर होतं, भरण्याला वेळ लागतो. त्यामुळे सराव वाढवल्यावर काही आठवडे हाड पूर्वीपेक्षा कच्चं असतं. नेमक्या याच दिवसांत दम सुधारलेला असतो, आपल्याला वाटतं की आता आपण घोडा झालो, आणि आपण किलोमीटर वाढवतो. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार पायावर येतो. कच्च्या हाडावर तो हजारो वेळा आपटला की सूक्ष्म तडे जातात. वेळेत थांबलं नाही तर ते तडे जुळून हाड खरोखर मोडू शकतं.

"एक्स-रे तर स्वच्छ होता," मी म्हटलं. पंधरा दिवसांपूर्वी दुसरीकडे काढलेला एक्स-रे मी बरोबर नेला होता. पुराव्यासारखा.

"पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा काही दिसतच नाही," बाई म्हणाल्या. "दिसायला लागतं तेव्हा ते भरून येत असतं."

एमआरआयमध्ये दिसलं. नडगीच्या हाडात, आतल्या बाजूला, बरोबर काकांच्या अंगठ्याखाली. वैद्यकीय नाव स्ट्रेस फ्रॅक्चर. जोडीला रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व ११, जे निदान २०च्या वर हवं. भर उन्हाच्या देशात राहून आम्ही सूर्य उगवायच्या आत धावतो आणि दिवसभर वातानुकूलित शाखेत बसतो, त्याचा हा हिशेब. आठ आठवडे धावणं बंद. चालायला हरकत नाही, दुखलं नाही तर.

आणि त्या गोळ्या? त्या दोन आठवड्यांत मी सोळा गोळ्या घेतल्या होत्या. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. गोळीने हाड जुळत नाही, ते दुखतंय ही बातमी तेवढी वर पोचत नाही. लांब धावताना घाम जाऊन शरीर कोरडं पडलेलं असतं, त्यात ही औषधं मूत्रपिंडावर आणि जठरावर बसतात. आमच्या गटात ती सर्रास चालतात. शर्यतीच्या सकाळी चिक्की वाटावी तशी एकमेकांना दिली जातात. मी स्वतः दिलेली आहे.

*

मराठीत 'जिद्द' या शब्दाचे आपण फार लाड केले आहेत. दर जानेवारीत, शर्यतीच्या दुसऱ्या दिवशीचा पेपर उघडून बघा. पायाला पट्टी बांधून धावलेला, तापात धावलेला, पडून उठून धावलेला असा एक तरी फोटो असतोच. मी स्वतः असे फोटो गटावर टाकलेले आहेत, खाली नमस्काराचे हात जोडून. ज्याने तिसाव्या किलोमीटरला थांबून रिक्षा केली त्याचा फोटो कोण काढणार?

घरी बसवलेल्या त्या आठ आठवड्यांत माझ्याकडे वेळच वेळ होता. मी थांबलेल्यांचा शोध घेत बसले, आणि १९१२च्या स्टॉकहोमला पोचले.

त्या ऑलिंपिकची मॅरेथॉन १४ जुलैला झाली. स्वीडनच्या मानाने भयंकर ऊन होतं, तिशीच्या वर पारा. जवळजवळ निम्मे धावपटू शेवटपर्यंत पोचलेच नाहीत. त्यांतले दोघे मला विसरता येत नाहीत. एक पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून त्याने अंगाला मेणचट लेप फासला होता असं सांगतात. त्याने घामच कोंडला. तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. आधुनिक ऑलिंपिकमध्ये शर्यतीत जीव गमावलेला तो पहिला खेळाडू.

दुसरा जपानचा शिझो कानाकुरी. वीस वर्षांचा विद्यार्थी, जहाज आणि सैबेरियातून जाणारी रेल्वे असा प्रवास करून, पायात कापडी जपानी ताबी घालून आलेला. त्यालाही ऊन लागलं. रस्त्याकडेच्या एका घराच्या बागेत मेजवानी चालली होती. तिथे तो शिरला, त्या लोकांनी त्याला सरबत पाजलं, तो विसावला. आणि मग शरमेने, कोणालाही न कळवता, मायदेशी निघून गेला. स्वीडिश दप्तरात तो बेपत्ता राहिला. साठच्या दशकात तो सापडला तेव्हा जपानमध्ये निवृत्त शिक्षक होता. १९६७ साली स्वीडिश लोकांनी त्याला सन्मानाने बोलावून राहिलेली शर्यत पूर्ण करायला लावली. वेळ नोंदली गेली: ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं आणि वर काही सेकंद.

ही गोष्ट गमतीची म्हणून सांगतात आणि इथेच थांबतात. मला तिच्या मधला भाग जास्त मोलाचा वाटला. शरमेने परतलेला हा मुलगा धावायचं सोडून बसला नाही. १९१६चं ऑलिंपिक महायुद्धात बुडालं. १९२०ला तो अँटवर्पला गेला आणि मॅरेथॉनमध्ये सोळावा आला. त्याच वर्षी त्याने हाकोनेच्या रिले शर्यतीचा पाया घातला, जी आजही जपानमध्ये दर नव्या वर्षाला घरोघरी टीव्हीवर बघतात. ब्याण्णव वर्षं जगला.

आता अँटवर्पच्या त्याच निकालपत्रात तीन ओळी खाली या. एकोणिसावा: फडेप्पा दारेप्पा चौगुले, हिंदुस्थान. वेळ दोन तास पन्नास मिनिटं आणि काही सेकंद, आणि ती शर्यत ४२.७५ किलोमीटरची होती, आजच्याहून अर्ध्या किलोमीटरने लांब. चौगुले बेळगावचे. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी सर दोराबजी टाटांनी पाहिले आणि त्यांच्या मनाने घेतलं की ही माणसं ऑलिंपिकला जायला हवीत. त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घातले आणि जो चमू गेला त्यात चौगुले होते. मॅरेथॉनला आपले दोघं उभे राहिले होते. दुसरे सदाशिव दातार. त्यांची शर्यत पूर्ण झाली नाही, निकालपत्रात त्यांच्या नावापुढे तेवढंच आहे. चौगुल्यांचं नाव निदान बेळगावात आणि क्रीडा-इतिहासाच्या पुस्तकांत निघतं. दातारांचं कोण काढतं?

हे सगळं मी काकांना सांगितलं. ते दर बुधवारी संध्याकाळी घरी येत, सासूबाईंच्या हातचा चहा पीत आणि माझ्या पायाकडे जनावरांच्या बाजारात बघतात तसं बघत. बेळगावचा माणूस म्हटल्यावर त्यांची छाती फुगली, पण बोलले ते त्या जपान्याबद्दल.

"त्यानं तह केला."

"म्हणजे?"

"पुरंदरचा. महाराजांनी मिर्झाराजाला किती किल्ले दिले?"

"तेवीस," मी म्हटलं. चौथीत पाठ केलेलं.

"आणि ठेवले किती?"

"बारा."

"पोरं तेवीस सांगतात आणि रडतात. बाराचं कुणी इचारत नाही. पाच वर्षांत सिंहगड परत आला तो त्या बाराच्या जिवावर. तुमचे बारा कोणते, ते लिवून काढा."

१६६५चा तह आणि माझी नडगी यांची सांगड मला तेव्हा जरा जास्तच वाटली होती. पण त्या रात्री मी बँकेच्या जुन्या डायरीच्या मागच्या पानावर लिहायला घेतलं. धावणं गेलं. शर्यत गेली, शुल्क गेलं. रविवारची पहाट गेली. काय राहिलं? पोहायला येतं. दोन हात, पाठ, डावा पाय शाबूत. झोप, जी मी वर्षभर साडेपाच तासांवर आणून ठेवली होती. जेवण, ज्यात प्रथिनं म्हणजे आठवड्यातून दोनदा उसळ. ऊन. बारा काही झाले नाहीत, सात झाले.

*

पाण्यात धावणं हा प्रकार ज्याने शोधला त्याने तो आरशात बघून शोधला नसणार. कमरेला फोमचा पट्टा बांधायचा, खोल पाण्यात उभं तरंगायचं आणि जमिनीवर धावतो तसे हातपाय चालवायचे, तळाला पाय न लावता. हाडावर भार शून्य, हृदयाला पूर्ण काम. पहिल्या दिवशी जीवरक्षक मुलगा दोनदा काठापर्यंत धावत आला. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या कोपऱ्यात पाण्यातला व्यायाम करणाऱ्या आजींपैकी एकीने विचारलं, "अगं, तू कुठे निघालीयेस एवढी लगबगीने?" चाळीस मिनिटांत मी अकरा फूट सरकले होते.

कंटाळा म्हणजे काय ते मला त्या निळ्या फरशीकडे बघताना कळलं. पण डॉक्टरबाईंनी सांगितलेली एक गोष्ट मी धरून होते: दहाएक दिवस विश्रांती घेतली तर दमसासात फारसा फरक पडत नाही, पुढे तो घसरायला लागतो, आणि पाण्यात किंवा सायकलवर घाम काढत राहिलं तर त्यातला बराचसा राखता येतो. पायदुखीपेक्षा मला छळलं ते फोनने. रविवारी सकाळी साडेआठला गटावर सगळ्यांचे आकडे आणि घामेजलेले फोटो यायचे. चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस किलोमीटर. धावण्याच्या नोंदी ठेवणारं स्ट्राव्हा ॲप मी फोनवरून काढून टाकलं. नवरा म्हणाला, "तू सुतकात असल्यासारखी वागतेयस." खरं होतं. पण सुतकाला निदान तेरा दिवसांची मर्यादा असते, लोक भेटायला येतात, पिठलं-भात घेऊन येतात. शर्यत हुकलेल्या माणसाला लोक म्हणतात, "बरं झालं, गुडघे वाचले."

माझ्याच गटात त्या हंगामात आणखी दोघे-तिघे थांबले होते आणि आम्ही एकमेकांना कधी सांगितलं नव्हतं, हे मला डिसेंबरात कळलं. एक सनदी लेखापाल, पन्नाशीचे. सप्टेंबरात चिकुनगुन्या झाला. ताप पाच दिवसांत गेला आणि सांधे राहिले. सकाळी उठल्यावर शर्टाची बटणं बायको लावून द्यायची, हे त्यांनी मला तलावाकाठच्या कट्ट्यावर बसून, तळ्याकडे बघत सांगितलं. गटावर त्यांनी 'ऑडिटचं काम वाढलंय' असं लिहिलं होतं. दुसरी शाळेत शिक्षिका. तिचा वेग महिनाभर पडत चालला होता, जिने चढताना धाप लागत होती. तिने स्वतःला आळशी ठरवून सराव वाढवला. हिमोग्लोबिन कसंबसं बरं होतं, पण लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तळाला गेलेलं. पाळी, उपवास, रोजचा जेवणानंतरचा चहा आणि वर पन्नास किलोमीटर. तिला तीन महिने लोहाच्या गोळ्या आणि जेवणानंतरचा चहा बंद, एवढ्यानेच फरक पडला. आळस म्हणून जे नोंदवलं जातं त्यातलं किती तरी रक्तात सापडत असेल. बायकांच्या बाबतीत तर नक्कीच.

पॉला रॅडक्लिफचं उदाहरण मी त्या शिक्षिकेला दिलं होतं. २००३ला लंडनमध्ये दोन तास पंधरा मिनिटं पंचवीस सेकंदांचा जागतिक विक्रम करणारी ही ब्रिटिश बाई २००४च्या अथेन्स ऑलिंपिकला सुवर्णाची हक्काची दावेदार होती. स्पर्धेच्या तोंडावर पायाला दुखापत झाली, त्यासाठी सूज उतरवणारी जोरकस औषधं घेतली, त्यांनी पोट बिघडलं, अन्न अंगी लागेना. छत्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास ती थांबली आणि रस्त्याकडेला बसून रडली. जगभर ते दृश्य दाखवलं गेलं आणि तिच्याच देशातल्या काही पत्रकारांनी तिला पळपुटी ठरवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिने न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली. पुढच्या वर्षी हेलसिंकीत जागतिक विजेतेपद.

उलट बाजूही सांगते, नाही तर लबाडी होईल. १९८४ला लॉस एंजेलिसमध्ये स्वित्झर्लंडची गाब्रिएला आंदरसन-शीस उष्माघाताने वाकडी होऊन, एक हात लोंबकळत, शेवटचं चारशे मीटरचं वर्तुळ पावणेसहा मिनिटांत खुरडत पार करून सदतिसावी आली. सगळं स्टेडियम उभं राहिलं. ती दोनेक तासांत सावरली. पण बाजूने चालणाऱ्या डॉक्टरांनी तिला जाऊ दिलं ते तिच्या अंगाला अजून घाम येतोय हे पाहून. टाळ्या वाजवणाऱ्यांना तो घाम दिसत नव्हता आणि फोटोतही दिसत नाही.

*

२१ जानेवारी २०२४ला मी पेडर रोडवर होते, सकाळी आठपासून, दोन पिशव्या संत्री सोलून घेऊन. ज्यांनी मुंबईची शर्यत धावली आहे त्यांना हा चढ सांगायला नको. एरवी गाडीतून जाताना तो चढ आहे हे कळतही नाही. पूर्ण मॅरेथॉनवाल्यांच्या वाट्याला तो परतीला येतो, सूर्य वर आल्यावर, पाय संपल्यावर. तिथले रहिवासी खाली उतरून मीठ लावलेल्या काकड्या, चिक्की, लिंबू-पाणी घेऊन उभे असतात. कोणी ढोल आणतं, कोणी घरचा स्पीकर.

काका माझ्या शेजारी वेदनाशामक स्प्रेचा डबा हातात घेऊन उभे होते आणि तो कोणाला मारत नव्हते.

साडेनऊच्या सुमारास निळ्या बनियनमधला एक पंचविशीचा मुलगा आला. उजवा पाय बाहेर फेकत, दर दहा पावलांना पोटरीवर हात. गोळा आला असेल असं मला वाटलं. त्याने स्प्रे मागितला. काका खाली बसले, रस्त्यावर, आणि त्याचा मोजा खाली केला.

"हितं?"

पोरगं ओरडलंच. आजूबाजूचे लोक 'कम ऑन, कम ऑन, थोडंच राहिलंय' म्हणत होते. काकांनी त्याच्याकडे वर बघून विचारलं, "किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

"आमच्याकडं बेंदराच्या आदल्या सांजंला बैलाचा खांदा मळतात. लोणी-हळद लावून. का, तर वर्षभर जू वाहिलं. ज्याचा खांदा सुजलेला निघतो त्याला पुढं जुंपत नाहीत. तुला कुणी मळलं का?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला संत्र्याची फोड दिली. काय बोलावं ते मला सुचलं नाही. तीन महिन्यांपूर्वी मीही काकांकडे असंच पाहिलं होतं. तो पुढे निघाला. वीसेक पावलं गेला, दुभाजकाला धरून उभा राहिला, आणि मग हळूच कडेला येऊन फुटपाथवर बसला. छातीवरचा बिब त्याने चारी टाचण्या नीट काढून, घडी घालून खिशात ठेवला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. काका उठून त्याच्या शेजारी जाऊन बसले, आणि मी रुग्णवाहिकेच्या स्वयंसेवकाला हाक मारली.

माझं म्हणाल तर फेब्रुवारीत एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं असं सुरू केलं. डायरीत बारा पुरे झाले नव्हते तरी सातांवर भागलं. २०२५च्या जानेवारीत पहिली पूर्ण मॅरेथॉन पाच तास सदतीस मिनिटांत झाली. त्याविषयी सांगण्यासारखं फारसं नाही. पेडर रोडवर मी चालले. त्या वर्षीही गणपतीचा आठवडा शून्य किलोमीटरचा होता आणि तो शून्यच राहू दिला.

हा दिवाळी अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा मुंबईची शर्यत तीनेक महिन्यांवर असेल आणि तुमच्यापैकी कोणाच्या तरी नडगीत आत्ता दुखत असेल. चकलीचा तेलकट हात पुसून एक काम करा. नडगीच्या आतल्या कडेने घोट्यापासून वर अंगठा दाबत या. दुखणं वीतभर पसरलेलं असेल तर बहुधा स्नायूंचं किंवा हाडावरच्या आवरणाचं आहे. किलोमीटर कमी करा, बूट किती चाललेत ते बघा. पण एकाच ठिकाणी, नाण्याएवढ्या जागेत कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, त्या पायावर जागच्या जागी उडी मारवत नसेल, तर रविवारी नाक्यावर जाऊ नका. गोळी घेऊन तर नकोच. सोमवारी डॉक्टरकडे जा, एक्स-रे स्वच्छ आला तरी एमआरआयचं विचारा. आणि गटावर खरं कारण लिहा.